मी पुसायला लावलेला शब्द

असं कोणी जातं का रे रफीक, भांडण अर्धं टाकून?

आठ महिने आपलं भांडण अडकून पडलं होतं. दर आठवड्याला मी मनाशी म्हणायची, या शनिवारी बोलूनच टाकू. आणि तू मागच्या शुक्रवारी दुपारची नमाज पढून घरी आलास, चहा टाकायला सांगितलंस आणि चहा होईपर्यंतसुद्धा थांबला नाहीस. रविवारी तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची फातेहा, झाली. तुझ्या घरी बायकांमध्ये मी दोन तास बसले. इंग्रजीची मास्तरीण मी, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवते, आणि मला तिथं एक वाक्य धड बोलता आलं नाही. लाज वाटली मला माझीच.

म्हणून आज लिहायला बसले. मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत आले आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी'. वय आपलं सारखंच. हेही कधी सांगायचं राहिलं, की मला 'तू' म्हटलं असतंस तरी चाललं असतं.

शेलूबाजारच्या चौकात परवा जीपची वाट बघत उभी होते. जिकडे बघावं तिकडे तुझ्या हातचं अक्षर. गॅरेज, हॉटेल, सोफा सेट, बेकरी, डिझेल पंप सर्व्हिस. एकदा याच चौकात मला उभं करून तू एकेका पाटीकडे ब्रश दाखवला होतास. "बाई, गॅरेज फ्रेंच हाय. हॉटेल बी फ्रेंच. सोफा आमच्या अरबीतला. डिझेल तर एका जर्मन मानसाचं नाव. अन् लोक म्हन्तात, रफीक, इंग्रजीत पाटी लिहून दे. इंग्रजी हाय कुठी इथं?" मी म्हटलं, "अरे, बाजार तरी आपला आहे ना?" तर तू म्हणालास, "थो बी इंग्रजांनं नेला. फारसीतला हाय, पर आता त्यायच्या डिक्शनरीत जाऊन बसला." आपल्या गावाच्या नावातला अर्धा तुकडा इंग्रजी डिक्शनरीत आहे, याचा तुला केवढा आनंद झाला होता. पाटी लिहून घ्यायला आलेला माणूस ताटकळत उभा होता आणि तू मला शिकवत होतास.

ती डिक्शनरी. रद्दीवाल्याकडून उचललेली, पुठ्ठा गेलेला, 'ए'ची पानं पार गायब. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या पेंटरनं ती पानन्‌पान वाचली, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा कोणाला खरं वाटलं नाही. अर्थ तू वाचायचाच नाहीस. प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो कुठून आला ते बारीक अक्षरात असतं, तेवढंच वाचायचास. त्याला तू शब्दाचं गाव म्हणायचास. 'ए' नसल्यामुळे अल्कोहोल हा अरबी शब्द आहे हे तुला माहीत नव्हतं. मी सांगितलं तर कानाला हात लावलेस. "तौबा! दारूचं नाव आमी देलं?" दोन दिवस माझ्यावर नाराज होतास, जसं काही मीच ते ठेवलं होतं.

शाळेची भिंत तुझ्याकडे आली ती सुविचार लिहायला. हेडमास्तरांनी यादी काढून ठेवली होती. तू यादी वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस आणि माझ्याकडे आलास. "बाई, सुविचार त समद्या शाळेच्या भितीवर हायेत. कोनी सुधरलं का?" मग तूच ती कल्पना काढलीस. दर शनिवारी सकाळच्या शाळेत एक शब्द. वर इंग्रजी शब्द, खाली मराठीत त्याचं गाव, बाजूला चित्र. हेडमास्तर म्हणाले, पोरांना काय समजणार यातलं. सहा महिन्यांत अशी गत झाली की शनिवारी गैरहजेरी लागेना. सुट्टीत पोरं तुझ्या शिडीखाली उभी. "पेंटरकाका, शॅम्पूचं गाव कोनतं?" "आपलंच हाय बे, चंपीतून गेलं." "अन् रोबोटचं?"

मुंगसाचा दिवस आठवतो? मॉंगूस हा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला, हे तू लिहिलंस आणि पोट्ट्यांनी अशी बोंब ठोकली की शेजारच्या वावरातली बाई कुंपणापाशी येऊन बघायला लागली. सगळ्यांत मोठी जागा तू त्यालाच दिलीस. त्या मुंगसाला मिशा का काढल्यास, हे मात्र मला आजपर्यंत कळलेलं नाही.

भांडायचो तर आपण दर शनिवारी. कॉटनखाली तू 'गाव: अरबस्तान' लिहिलंस तेव्हा मी चिडले होते. "कापूस पिकवते वऱ्हाड आणि नाव अरबस्तानचं?" तू शिडीवरूनच म्हणालास, "पिकोनाऱ्याचं नाव कोन ठेवते बाई? इकनाऱ्याचं ऱ्हायते." ऑरेंज आपल्या नारिंगावरून निघालं हे लिहिलंस तेव्हा पोरांनी विचारलं, आपण तर संत्रं म्हणतो. मी सांगितलं की संत्रं म्हणे पोर्तुगालातल्या एका गावावरून आलं. तू इतका हसलास की शिडी हलायला लागली. "म्हंजे आपलं नारिंग त्यायनं नेलं, अन् त्यायचं संत्रं आपून खाऊन राह्यलो!" व्हरांड्याचं तर कधी मिटलंच नाही. तू म्हणायचास हिंदुस्थानातून गेला, मी म्हणायची पोर्तुगीजांचा. शेवटी तू भिंतीवर लिहिलंस, 'व्हरांडा. गाव: भांडण चालू आहे.' शिक्षणाधिकारी आले तेव्हा ते वाचून हसले होते.

एक गोष्ट मात्र मी तुला नीट समजावून सांगितली नव्हती. तू शब्दाला गाव विचारायचास तेव्हा मला ते खुपायचं. आपल्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच, कोणत्या गावच्या? मग, कोणाच्या घरच्या? मग आडनाव. आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. चहाचा कप बदलतो. बदलून वाशीमला गेले तेव्हा भाड्याची खोली आडनावापाशी दोनदा अडली. तुला वाटायचं गाव विचारणं म्हणजे मायेनं विचारपूस. मला ज्यांनी ज्यांनी गाव विचारलं, त्यातल्या निम्म्यांना गाव नको होतं.

तरी एका शनिवारी मी बोलून गेले. रोबोट लिहीत होतास तू. 'गाव: युरोपातला चेक मुलूख. मूळ अर्थ: वेठ.' लोखंडी माणसाच्या शेजारी तू डोक्यावर ओझं घेतलेला माणूस काढत होतास. पोरं घरी गेली होती. मी तुला म्हटलं, रफीक, माझे आजोबा गावात डफडं वाजवायचे. हौसेनं नाही. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं, वाजवायचं आणि जेवायला सगळ्यांच्या मागून बाहेर बसायचं. दीक्षा घेऊन आले आणि डफडं स्वतःच्या हातानं फोडलं. बाबा तेव्हा लहान होते. त्यानंतर आमच्या घरात पोरांनी डबा वाजवला तरी आजी ओरडायची. हे मी स्टाफरूममध्ये कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं. तू बराच वेळ ब्रश धूत बसलास.

त्यानंतर तीन-चार शनिवारांनी ते झालं.

मी त्या दिवशी उशिरा आले. फाटकातूनच दिसलं, सातवीची पोरं गोळा झालेली आणि भिंतीवर मोठा ढोल. ढोल वाजवणारा माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं. वर इंग्रजीत शब्द, परायाह. खाली लिहिलेलं, 'गाव: तमिळ मुलूख. मूळ अर्थ: ढोल वाजवणारा.'

मला तो शब्द माहीत होता. इंग्रजीत एम.ए. केलंय मी. तमिळ मुलखातल्या ढोल वाजवणाऱ्या जातीचं नाव इंग्रजांनी उचललं आणि ज्याला कोणी जवळ करत नाही अशा कोणत्याही माणसाला ते चिकटवलं. वर्तमानपत्रात येतं, पुढाऱ्यांच्या भाषणात येतं, वापरणाऱ्याला वाटतही नाही की आपण कोणाची जात काढतोय. पुस्तकात आला की मी तो शब्द भरकन वाचून पुढे जाते. आणि इथं तो माझ्या शाळेच्या भिंतीवर, हाताएवढ्या अक्षरात.

"पुसून टाक," मी म्हटलं.

तुला वाटलं मी चेष्टा करतेय. "काहून बाई? चांगला नाई निंगाला का?"

"पुस म्हणते ना!"

"पाहा त खरं, बाई. शब्दाचं गाव पाहा. तथी थो ढोल वाजोनारा हाय. वाईट त त्याले इंग्रजीनं केलं. आपून त्याले त्याच्या गावी आनू ना."

"अन् पोट्टे मोबाइलवर पाहतीन तेव्हा? तथी काय लिहेल असन? तू अर्धाच शब्द लिहिला, रफीक. दुसरा अर्धा कोन सांगन त्यायले? मी सांगू?"

माझं पुस्तकी मराठी सुटलं होतं. पोरं बघत होती. तू अजून काही समजवायला लागलास आणि मग मी ते बोलले. "तुले काय जाते? तुह्या बापजाद्याले कोनी बोलावनं धाडलं व्हतं का?"

तू शिडी सरकवलीस, बादलीत चुना कालवलास. चुन्याच्या एका हातानं ढोल झाकला जाईना, काळा रंग वर यायचा. तीन हात दिलेस. पोरं एकेक करून वर्गात गेली. मी तिथंच उभी राहिले, तुझी पाठ बघत. घंटा झाली तेव्हा तू म्हणालास, "झालं बाई," आणि निघून गेलास. त्या दिवशी चहा घेतला नाहीस.

मी चुकले नव्हते, हे मी आजही म्हणेन. अर्धा शब्द लिहायचा नसतो. शिवी कुठून आली ते सांगायचं आणि ती शिवी आहे हे दडवायचं, असं चालत नाही. हे मी तुझ्याशी तासभर भांडून सांगायला हवं होतं आणि तू मला उत्तर द्यायला हवं होतंस. पण मी भांडलेच नाही. मी हुकूम सोडला. का सोडला, तर त्या चित्राकडे बघून सातवीची पोरं माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं. बस. एवढंच. शब्दाची काळजी मागाहून आली.

पुढच्या शनिवारी तू येशील की नाही याची मला धाकधूक होती. आलास. सगळं पहिल्यासारखं. फक्त एक बदल. ब्रश उचलायच्या आधी तू माझ्याकडे यायचास आणि विचारायचास, "बाई, हा चालन का?" टायफून चालेल का. खाकी चालेल का. लेमन चालेल का. आधी तू मला कधी विचारत नव्हतास, लिहून मोकळा व्हायचास. मला ते अजिबात आवडत नव्हतं आणि मी दर वेळी "चालेल" म्हणत गेले. एकदा मुद्दाम व्हरांड्याचा विषय काढला. म्हटलं, मी पुन्हा पाहिलं, पोर्तुगीजच आहे. वाटलं, आता उसळशील. तू म्हणालास, "तुमी म्हनता त असंन." रफीक, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. तरी बोलले नाही. शहाणी ना मी मोठी.

मला वाटायचं तू माझ्यावर रागावलास. मी मनात तुझ्याशी भांडायची. म्हणायची, हा समजून का घेत नाही? हा माझ्या जागी उभा राहिला असता तर?

रविवारी तुझ्या घरी शबानाभाभी माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, आपका बहोत नाम लेते थे. एक दिन शाला से आए तो खाना नहीं खाए. मैं पूछी तो बोले, मैंने बाई का दिल दुखा दिया. मेरे से बहोत बडी गलती हो गई. माफी मांगने को बोली मैं, तो बोले, कौनसे मुंह से मांगूं."

आठ महिने तू हे घेऊन हिंडलास. आठ महिने मी समजत होते तू रागावलायस, आणि तू समजत होतास की तू चुकलायस. दर शनिवारी समोरासमोर उभे राहून आपण चालेल-नाही चालेल करत होतो. मला तुझ्या घरून कधी एकदा उठून बाहेर पडते असं झालं. बाहेर तुझी शिडी भिंतीला टेकवलेली होती, तिच्यावर कोणीतरी सतरंज्या वाळत घातल्या होत्या.

बुधवारी अनसिंगला गेले, बाबांकडे. बाबा रेल्वेत गँगमन होते हे तुला माहीतच आहे. आता भावाजवळ राहतात, कमी ऐकू येतं. त्यांना सगळं सांगितलं. तुझं जाणं, भिंत, तो शब्द, ढोल. मला वाटलं होतं म्हणतील, बरं केलं पुसलं. आजवर आमच्या घरात त्या विषयावर एवढंच बोललं गेलंय.

बाबा खाटेवरून माझ्याजवळ सरकले. मग विचारलं, "कसा काढला व्हता थो मानूस?"

"कसा म्हणजे?"

"उभा व्हता का वाकेल?"

मला आठवावं लागलं. मी चित्र नीट पाहिलंच नव्हतं, शब्दच पाहिला होता. डोळे मिटले तेव्हा दिसला. उभा होता. सरळ उभा, मान वर, समोर बघत. चित्रात त्याच्या मागे कोणाचं लग्न नव्हतं, वरात नव्हती. तो एकटाच वाजवत होता, स्वतःसाठी.

"उभा होता, बाबा. मान वर."

"माह्या बापाले म्या कधी असं वाजोतांनी नाई पाह्यलं," बाबा म्हणाले. "त्यायची मान खालीच राहे. डफडं वाईट नव्हतं माय. बोलावनं वाईट व्हतं." आणि विचारलं, "मंग पुसलं काहून वो?"

तू आजोबांना पाहिलं नव्हतंस. तुला मी फक्त चार वाक्यं सांगितली होती, तू रोबोट रंगवत असताना. त्या चार वाक्यांतून तू त्यांना सरळ उभं केलंस, आणि मी त्यांच्यावर तुझ्याच हातानं तीन वेळा चुना फिरवला.

आज शनिवार. सकाळची शाळा. सातवीत गेले तर पोरं गप्प बसलेली. कोणीतरी विचारलं, बाई, आज शब्द नाई का? मी खडू घेतला आणि फळ्यावर परायाह लिहिलं. मग वळले आणि सगळं सांगितलं. गाव सांगितलं. मूळ अर्थ सांगितला. इंग्रजांनी त्याचं काय केलं तेही सांगितलं, पुरा शब्द. शिवी म्हणून वापराल तर माझ्याशी गाठ आहे हेही सांगितलं. आणि मग म्हटलं, माझे आजोबा डफडं वाजवायचे. बावीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात बोलले मी हे. मला वाटलं होतं पोरं एकमेकांकडे बघतील, कुजबुजतील.

तिसऱ्या बाकावरची प्रणाली उभी राहिली. बाप काय करतो विचारलं की ही पोरगी दर वर्षी 'मजुरीले जाते' म्हणते. ती म्हणाली, "बाई, माहे बाबा बी वाजोतात. आतासुदिक वाजोतात."

मागून एक पोट्टा ओरडला, "हो बाई! आमच्या मामाच्या लग्नात तिच्याच बाबानं वाजोलं व्हतं. लय भारी!"

प्रणाली खाली बसली नाही. ती तशीच उभी राहिली आणि मला तिच्या बाबांचा हात कसा चालतो ते सांगायला लागली. दोन काड्या कशा धरतात, एक जाड, एक बारीक. डफडं विस्तवावर कसं शेकतात. बाकावर वाजवून दाखवलं तिनं. मी थांबवलं नाही. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले, त्यांनाही मी आत या म्हटलं.

मी तिच्याकडे बघत होते आणि मला सारखं वाटत होतं, आठ महिने ही पोरगी याच भिंतीसमोरून रोज वर्गात येत होती. त्या सकाळी पुसताना ती पोरांच्या घोळक्यात होती. मी काय पुसायला लावलं, ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

तू चुकला नव्हता, रफीक. मी भेली व्हती. इतकंच सांगाचं व्हतं तुले, अन् तितक्यासाठी मी बत्तीस शनिवार वाया घालोले.